सुईविना ॲड्रिनलिन: तीव्र ॲलर्जीसाठी नागपुरातल्या घराने करायची तयारी

भाऊबिजेच्या दुपारी माझ्या लेकीने काजू कतलीचा अर्धा तुकडा खाल्ला. तेव्हा ती सहा वर्षांची होती, वजन वीस किलो. पाच मिनिटांत ती ओठ खाजवायला लागली, मग मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली? पित्त उठलं असन. आमसूल भिजव अन् चोळून दे." मी आमसूल भिजवलं. ते मऊ होईपर्यंत तिला एक उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि कोरडा खोकला सुरू झाला, तो थांबेचना.

जवळच्या दवाखान्यात ॲविलचं, म्हणजे खाज-गांधी कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन आम्हाला बाकावर बसवलं. "दहा मिनिटं बघू." त्या दहा मिनिटांत तिचे ओठ निळसर दिसायला लागले. पुढच्या रुग्णालयात आपत्कालीन विभागातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने तिला पाहिलं मात्र, आणि लगेच एक मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये थोडंसं औषध ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. ०.२ मिलिलीटर, म्हणजे जेमतेम चार थेंब. काही मिनिटांनी लेक म्हणाली, "आई, पाणी."

ते औषध होतं ॲड्रिनलिन. ते आधीच्या दवाखान्यातही औषधांच्या ट्रेमध्ये असणार. त्याची एक काचेची कुपी बाहेरच्या साध्या नाश्त्याच्या किमतीत येते. माझ्या मुलीची ती वीस-पंचवीस मिनिटं पैशांमुळे वाया गेली नाहीत. काय चाललं आहे हे आम्हा कुणाच्याच वेळेत लक्षात आलं नाही म्हणून गेली.

त्यानंतर लेकीला सुईचा इतका धसका बसला की लसीकरणाचं नाव काढलं तरी ती पलंगाखाली जाऊन बसायची. म्हणून मी सुई नसलेले पर्याय शोधायला लागले. तीन वर्षांत डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे कळलं, ते इथे एका जागी मांडते आहे. मी डॉक्टर नाही. मात्रा किती, कोणतं साधन घ्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं हे तरी तुम्हाला आधीच माहीत असेल.

गोळी हा पर्याय नाही, हे आधी पक्कं करा

"सुई नको, गोळी द्या" असं आपण सहज म्हणतो. सेट्रिझिन किंवा ॲविलची गोळी, डेक्सोनासारखं स्टिरॉइड, इनहेलरचे दोन झटके, घरचं आमसूल, हे सगळं बिनसुईचं आहे. पण यातलं काहीही ॲनाफिलॅक्सिसवरचा उपचार नाही. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे सगळ्या शरीरात एकदम भडकणारी तीव्र ॲलर्जी. त्यात रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, घसा आणि श्वासनलिका सुजून आवळतात. सेट्रिझिन खाज आणि गांधी कमी करते, तेही अर्ध्या-पाऊण तासाने. स्टिरॉइडला कित्येक तास लागतात. कोसळणारा रक्तदाब सावरणं आणि बंद होत चाललेली श्वासनलिका उघडणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी आणि मिनिटांत करणारं औषध एकच, ॲड्रिनलिन. ते आक्रसलेल्या श्वासनलिका सैल करतं, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं आणि ज्या पेशी ॲलर्जीची रसायनं सोडत असतात त्यांनाही आवर घालतं.

वेळ किती असतो? ॲनाफिलॅक्सिसने ब्रिटनमध्ये झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ असा निघाला: शिरेतून दिलेल्या औषधाच्या ॲलर्जीत ५ मिनिटं, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशात १५ मिनिटं, अन्नाच्या ॲलर्जीत ३० मिनिटं. आमसूल भिजत घालून वाट बघण्याइतका वेळ यातल्या कशातच नाही.

म्हणून या लेखात "बिनसुईचा पर्याय" असं जिथे म्हटलं आहे, तिथे अर्थ एकच: ॲड्रिनलिनच, फक्त सुईवाटे नाही.

ओळखायचं कसं

नुसत्या अंगावर गांधी उठल्या आणि बाकी मूल खेळतंय, बोलतंय, तर ती साधी ॲलर्जी असू शकते. तरीही नजर ठेवा. पण गांधी, ओठ-चेहऱ्यावरची सूज किंवा खाज यांच्या जोडीला पुढचं एकही लक्षण आलं तर ॲनाफिलॅक्सिस समजा: आवाज बसणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, न थांबणारा खोकला, छातीत शिट्टी वाजणं, धाप, चक्कर, एकदम गळून जाणं, वारंवार उलट्या, पोटात जोराची कळ.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे आधीपासून ठाऊक आहे, तो पोटात गेला आणि नुसती धाप लागली किंवा नुसता चक्कर येऊन माणूस बसला, अंगावर एकही गांध नाही, तरीही तो ॲनाफिलॅक्सिस असू शकतो. त्वचा स्वच्छ दिसते म्हणून थांबू नका. लहान बाळ सांगू शकत नाही. ते अचानक चिडचिडं होतं, जीभ बाहेर काढतं, कान-मान खाजवतं, मग एकदम मलूल पडतं.

नाकातला स्प्रे: आज मंजूर असलेला खरा बिनसुईचा पर्याय

ॲड्रिनलिनचा नाकात मारायचा स्प्रे 'नेफी' या नावाने एआरएस फार्मास्युटिकल्स या कंपनीने आणला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. ॲनाफिलॅक्सिससाठी सुई नसलेलं ॲड्रिनलिन मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच महिन्यात युरोपनेही 'युरनेफी' या नावाने ते मंजूर केलं. सुरुवातीचा डोस २ मिलिग्रॅमचा, ३० किलो किंवा त्याहून जास्त वजनासाठी. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत १ मिलिग्रॅमचा छोटा डोसही आला, चार वर्षांवरच्या, १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी. माझी लेक या गटात बसते, म्हणून ती बातमी वाचून मी रात्री दहा वाजता डॉक्टरांना मेसेज केला होता.

मंजुरी सहज मिळाली नाही, आणि त्यामुळेच माझा त्यावर जास्त विश्वास बसला. मे २०२३ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीने अनुकूल मत दिलं होतं. तरी सप्टेंबरमध्ये एफडीएने कंपनीला परत पाठवलं. नाक ॲलर्जीने सुजलेलं असताना दुसऱ्यांदा स्प्रे मारला तर औषध रक्तात नीट उतरतं का, ते आधी दाखवा, असं सांगितलं. तो अभ्यास झाल्यावरच परवानगी मिळाली.

मर्यादाही स्पष्ट सांगते. मंजुरीचा पाया आहे १७५ निरोगी प्रौढांवरचे अभ्यास. इंजेक्शनने रक्तात ॲड्रिनलिन जितकं चढतं, रक्तदाब आणि नाडी जितकी वाढते, तितकीच स्प्रेने वाढते का, हे त्यांत मोजलं गेलं. जीव धोक्यात असलेल्या माणसांना दोन गटांत वाटून प्रयोग करणं नैतिक नाही, म्हणून असा मार्ग घ्यावा लागतो. प्रत्यक्ष लक्षणं आलेल्या मुलांचा एक छोटा अभ्यास जपानमध्ये झाला. अन्नाची चाचणी देताना ॲलर्जी उसळलेल्या १५ मुलांना स्प्रे दिला आणि त्याचा उपयोग झाला. पंधरा हा लहान आकडा आहे. इंजेक्शनमागे मात्र अनेक दशकांचा अनुभव उभा आहे.

इंजेक्शनचा प्रौढ डोस ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम, मग नाकातून २ का? इथे एक कळीची गोष्ट आहे. ॲड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळतं. नाकातून रक्त येत असताना कान-नाक-घशाचे डॉक्टर ॲड्रिनलिनचा बोळा ठेवतात तो याचसाठी. म्हणजे नाकात नुसतं ॲड्रिनलिन घातलं तर ते स्वतःच तिथल्या वाहिन्या आवळून स्वतःची वाट बंद करतं. नेफीमध्ये डोडेसिल माल्टोसाइड नावाचा घटक आहे. तो नाकाच्या अस्तरातून औषधाला काही वेळासाठी वाट करून देतो.

म्हणूनच हात जोडून विनंती: इंजेक्शनची कुपी फोडून ते औषध नाकात, जिभेखाली किंवा नेझल स्प्रेच्या रिकाम्या बाटलीत घालून वापरायचा प्रयोग करू नका. फिट आल्यावर नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे फिट येणाऱ्यांच्या घरांत असतो, त्यामुळे ही कल्पना सुचणं साहजिक आहे. माझ्या एका नातेवाइकाने मला ती सुचवलीही होती. त्यात मौल्यवान मिनिटं जातील आणि औषध रक्तात पोहोचणार नाही.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

जिभेखाली ठेवायची पट्टी अमेरिकेतली ॲक्वेस्टिव्ह कंपनी तयार करते आहे. टपाल तिकिटाएवढी, पाणी न लागणारी, पाकिटात मावणारी. तिच्यातला घटक शरीरात गेल्यावर ॲड्रिनलिनमध्ये बदलतो. कंपनीने २०२५ मध्ये एफडीएकडे अर्ज केला. आज घरच्या तयारीत मात्र तिला धरू नका.

सुईऐवजी दाबाच्या झोताने औषध त्वचेतून आत घालणारी उपकरणंही आहेत. करोनाच्या काळात झायडसची झायकोव्ह-डी लस अशाच उपकरणाने देत. फ्रान्सची क्रॉसजेक्ट कंपनी ॲड्रिनलिनसाठी असं उपकरण विकसित करते आहे. तेही अजून घरात ठेवण्यासारखं नाही.

ॲड्रिनलिनची वाफ नेब्युलायझरने देतात, पण ती रुग्णालयात, घशाच्या सुजेसाठी जोड म्हणून. दम्याच्या इनहेलरने रक्तदाब सावरत नाही. या दोन्हींवर विसंबून स्प्रे किंवा इंजेक्शन टाळू नका.

स्प्रे वापरायचा कसा

कुणाकडे असेल, पुढे मिळेल, परदेशी पाहुण्याच्या पर्समध्ये असेल, म्हणून ही कृती सगळ्यांना यायला हवी.

१. पाकीट फोडून स्प्रे बाहेर काढा. एका उपकरणात एकच फवारा असतो. चालतो का हे बघायला हवेत दाबलात, तर तो संपला. सर्दीच्या स्प्रेची सवय असलेले लोक नेमकं हेच करतात.

२. अंगठा खाली दट्ट्यावर, पहिली दोन बोटं नळीच्या दोन बाजूंना. दाबायचं नाही.

३. नळी एका नाकपुडीत पूर्ण आत घाला, बोटं नाकाला टेकेपर्यंत. नळी सरळ ठेवा. मधल्या पडद्याकडे किंवा बाहेरच्या भिंतीकडे तिरकी नको.

४. अंगठ्याने दट्ट्या जोरात, एका दमात वर दाबा. हळूहळू दाबू नका.

५. फवारा मारताना आणि नंतरही श्वास आत ओढायचा नाही, हुंगायचं नाही. औषध नाकाच्या अस्तरावर राहायला हवं. हुंगलं तर ते घशात उतरतं. मुलांना हे आधी खेळात शिकवा, कारण नाकात काही गेलं की ती हमखास सुर्र करतात. थोडं नाकातून ओघळलं तर घाबरू नका.

६. घड्याळ बघा, वेळ हातावर पेनने लिहा.

७. पाच मिनिटांनंतर सुधारणा नसेल किंवा लक्षणं वाढत असतील, तर दुसरा नवा स्प्रे त्याच नाकपुडीत मारा. दुसऱ्या नाही, त्याच. म्हणून कायम दोन स्प्रे जवळ हवेत.

रुग्ण झोपलेला असो की बसलेला, स्प्रे मारता येतो. नाकात पॉलिप असेल, नाकाचं ऑपरेशन झालं असेल, हाड मोडून नाकाची रचना बदलली असेल, तर औषध नीट शोषलं जाण्याची खात्री नसते. अशांनी इंजेक्शनच ठेवावं आणि हे डॉक्टरांशी आधीच बोलावं. हृदयविकाराचे रुग्ण आणि बीटा ब्लॉकर नावाच्या रक्तदाबाच्या-हृदयाच्या गोळ्या घेणारे यांनीही डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं. त्या गोळ्यांमुळे ॲड्रिनलिनचा परिणाम कमी पडू शकतो. स्प्रेमध्ये सल्फाइट असतं, पण त्याची ॲलर्जी असली तरी जीव धोक्यात असताना ते ॲड्रिनलिन न देण्याचं कारण ठरत नाही. नंतर हात थरथरणं, छाती धडधडणं, डोकं दुखणं, नाका-घशात चुरचुरणं होतं. ते बहुधा थोड्या वेळात ओसरतं.

नागपुरात आज काय मिळतं

धंतोली आणि सीताबर्डीतल्या ज्या औषध दुकानांत मी विचारलं, तिथे नाकातला स्प्रे नव्हता. सुई आपोआप बाहेर येणारा ऑटोइंजेक्टरही, ज्याला लोक एपिपेन म्हणतात, शेल्फवर सहज सापडत नाही. प्रत्येक आपत्कालीन विभागात आणि बहुतेक मोठ्या औषध दुकानांत मिळते ती एक मिलिलीटरची काचेची कुपी, तीत १ मिलिग्रॅम ॲड्रिनलिन.

परदेशी औषध स्वतःसाठी मागवायचा कायदेशीर मार्ग आहे. औषध नियम १९४५ नुसार वैयक्तिक वापरासाठी थोड्या प्रमाणात औषध आणायला नमुना १२-अ मध्ये अर्ज करतात आणि नमुना १२-ब मध्ये परवाना मिळतो. अर्ज केंद्रीय औषध नियंत्रकांच्या सुगम पोर्टलवर होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, संख्या आणि रुग्णाचं नाव स्वच्छ हवं. परदेशातून येणारा प्रवासी स्वतःच्या वापराचं औषध सामानात आणू शकतो. पण पुण्या-मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या भाच्याला "दोन घेऊन ये" असं नुसतं सांगून चालणार नाही. ते तिकडेही चिठ्ठीवरच मिळतं आणि खूप महाग असतं.

परवाना येईपर्यंत काय? इथे मी माझं मत सांगते, आणि लोकांना ते आवडत नाही: बिनसुईच्या साधनाची वाट बघत घर रिकामं ठेवू नका. ॲलर्जीच्या किंवा मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "आम्हाला घरी ॲड्रिनलिन देता का? कुपी आणि सिरिंज वापरायला शिकवता का?" मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. मुलांना एका वेळी कमाल ०.३, मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम. जागा: मांडीच्या मधल्या भागाची बाहेरची बाजू, स्नायूत, कपड्यावरूनही चालतं. दंडात नाही, कमरेत नाही, शिरेत तर मुळीच नाही. आमच्या डॉक्टरांनी लेकीच्या आताच्या वजनावरून एका कागदावर फक्त एक ओळ लिहून दिली, "०.२५ मिलिलीटर, मांडी", आणि सिरिंजवर त्या रेषेपाशी लाल मार्करने खूण करून दिली. मग पाण्याची कुपी आणि संत्रं देऊन माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. पहिल्या कुपीची मान मोडताना माझं बोट कापलं. ते त्यांच्यासमोर कापलं हे किती बरं झालं, कारण त्या दिवसापासून पाऊचमध्ये कुपीभोवती गुंडाळायला कापसाचा तुकडा असतो. लेकीचं वजन दर सहा महिन्यांनी करतो आणि गरज पडली तर ती ओळ डॉक्टरांकडून बदलून घेतो.

सुईची भीती कमी करायलाही हेच कामी आलं. लेकीने स्वतः संत्र्याला टोचलं. आता ती म्हणते, "मला सुई आवडत नाही, पण काजूपेक्षा बरी."

मे महिन्यातली पिशवी

नागपूरकरांना हा भाग कुठल्या परदेशी माहितीपत्रकात नीट सापडणार नाही. २३ मे २०१३ रोजी आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतली हवा याहून कितीतरी तापते. ॲड्रिनलिन उष्णतेने आणि उजेडाने खराब होतं, हळूहळू गुलाबी, मग तपकिरी होतं. रंग बदललेली किंवा गढूळ कुपी फेकून द्या. पण रंग बदलला नाही म्हणजे औषध ठणठणीत आहे, असंही नाही.

कुपी आणि ऑटोइंजेक्टर साधारण २५ अंशांच्या आसपास ठेवायचे असतात. नाकातला स्प्रे या बाबतीत चिवट आहे. काही काळ ५० अंशांपर्यंत गेला तरी चालतो असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. तरीही स्कूटरची डिकी आणि गाडीचा कप्पा, दोन्ही वर्ज्य समजा. फ्रीजमध्येही ठेवू नका. आमच्याकडे चहाचा छोटा स्टीलचा थर्मास आहे, आतून कोरडा. त्यात रुमालात गुंडाळलेली सिरिंज, कुपी आणि ती चिठ्ठी. घरी तो देवघराशेजारच्या बंद कपाटात असतो, कूलरच्या झोतात नाही, कारण तिथली दमट हवा पाकिटावरची शाई पुसून टाकते आणि मुदतीची तारीख वाचता येत नाही. बाहेर पडताना थर्मास पर्समध्ये, आणि पर्स माझ्याबरोबर. गाडीत राहत नाही.

त्या क्षणी

आधी ॲड्रिनलिन, मग फोन. दोन माणसं असतील तर दोन्ही एकदम. १०८ ला फोन करून "ॲलर्जी झाली" एवढंच म्हणू नका. "ॲनाफिलॅक्सिस आहे, श्वास घ्यायला त्रास होतोय, ॲड्रिनलिन दिलं आहे" असं म्हणा. ११२ वरही मदत मिळते.

रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच. धाप जास्त असेल तर पाय लांब करून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. आणि एकदम उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब कोसळलेला असताना उभं राहिल्यावर हृदयाकडे रक्तच परत येत नाही, आणि अशा क्षणी माणसं दगावली आहेत. आपल्याकडे नेमकं हेच होतं: "चल, उठ, हळूहळू जिना उतर." चौथ्या मजल्यावर असाल आणि लिफ्ट बंद असेल तर खुर्चीवर बसवून उचला.

तोंडातून पाणी, गूळ, आमसूल, काहीही देऊ नका. उलटी करवू नका. श्वास आणि नाडी थांबली तर छाती दाबायला लागा.

कुठे न्यायचं हे आजच ठरवा. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, किंवा घराजवळचं चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेलं खासगी रुग्णालय. एकदा संध्याकाळी सात वाजता, वर्धा रोडवर गाड्या खोळंबलेल्या असताना, तिथपर्यंत जाऊन बघा. आमच्या घरापासून नकाशावर बारा मिनिटं दिसत होती, लागली एकतीस. पेंच, रामटेक किंवा खिंडसीला सहलीला जाताना तर मी दोनच्या जागी तीन डोस नेते, कारण तिथे मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर नसतं.

शाळा आणि व्हॅनवाले काका

मुख्याध्यापिकांना पत्र दिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, वर्गशिक्षिकेला पाऊच दिलं. पण खरी गरज कुणाला लागेल याचा विचार करताना व्हॅनवाले काका आठवले. रोज पाऊण तास ते एकटे आणि आठ मुलं. त्यांना कुपी फोडायला सांगणं मला जमलं नसतं. बिनसुईच्या साधनाची खरी किंमत इथे कळते. सुईला न घाबरणाऱ्या आईला सिरिंज पुरते, पण काका, शेजारच्या काकू, मोठा भाऊ यांचा हात सुईपाशी थबकतो. काकांना सध्या एवढंच शिकवलं आहे: गाडी थांबवा, तिला सीटवर आडवी करा, १०८ ला लावा, मग मला. ते वाक्य त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलं आहे. आमचा परवाना आला की पहिला स्प्रे माझ्या पर्समध्ये आणि दुसरी जोडी त्यांच्याकडे, हे ठरलेलं आहे.

लेकीच्या दप्तरात एक कार्ड आहे. त्यावर तिचं नाव, वजन, "काजू आणि पिस्ता", आणि खाली "आधी मांडीत ॲड्रिनलिन, मग बाकी". पिस्ता का, तर काजूची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना पिस्त्याचीही निघते. लग्नात शाही पनीरच्या रश्शात काजू वाटलेला असतो आणि आइस्क्रीमवर पिस्ता भुरभुरवलेला असतो, म्हणून वाढप्याला नाही, आचाऱ्याला विचारा.

बरं वाटल्यावर

बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच. ॲड्रिनलिनचा असर थोड्या वेळात उतरतो, आणि काही जणांना काही तासांनी, पुन्हा काहीही न खाता, दुसरी लाट येते. म्हणून किमान चार ते सहा तास देखरेखीखाली ठेवतात, झटका मोठा असेल तर रात्रभर. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता किती औषध दिलं, हे हातावरचं लिखाण बघून डॉक्टरांना सांगा. वापरलेलं साधन बरोबर न्या. कागदावर "ॲलर्जिक रिॲक्शन" एवढंच न लिहिता "ॲनाफिलॅक्सिस" असं लिहून मागा, कारण पुढच्या वेळी तो शब्दच वेळ वाचवतो. डिस्चार्जआधी ॲलर्जी तज्ज्ञांची वेळ घ्या आणि वापरलेल्या डोसच्या जागी नवा डोस घेऊनच घरी या.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला एक लाल टिंब आहे. त्या दिवशी थर्मास उघडून कुपी खिडकीपाशी उजेडात धरायची, रंग बघायचा, मुदत वाचायची. हे काम आता लेक करते. परवा तिने कुपी धरून सांगितलं, "आजी, पाण्यासारखं आहे." सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः बघितलं आणि टिंबावर बरोबरची खूण केली.